टेकडीवरचा राजा, पायऱ्यांवरचे मेण

गोव्यातल्या माशेलात वाढलेल्या माणसाला जुवे म्हणजे नदीपलीकडचे शेजारघर. सरकारी कागदावर ते सांत इस्तेव्ह. आमच्या आईच्या तोंडी मात्र कायम जुवेच, आणि तेही बहुतेक वेळा भेंडीपुरते. तिथली सात शिरांची लांबलचक भेंडी बाजारात आली की ती दुसऱ्या भेंडीला हात लावत नसे. या जुव्याच्या टेकडीवर पोर्तुगीजांचा पडका किल्ला आहे आणि किल्ल्यावर ख्रिस्तराजाचा पुतळा. गेल्या नोव्हेंबरात ख्रिस्तराजाचे फेस्त, म्हणजे सण, होऊन दोन-तीन दिवस झाल्यावर मी संध्याकाळचा तिथे चढून गेलो, तर एक बाई चहाच्या चमच्याने पायऱ्यांवर गळलेले मेण खरवडत बसल्या होत्या. चमचा वाकला की गुडघ्यावर दाबून सरळ करायचा आणि पुन्हा खरवडायला लागायचे. मी म्हटले, "आंटी, पावसात जाईल की ते." त्यांनी वर न बघताच सांगितले, "पावस जून म्हयन्यांत. भुरगीं आयज निसरतात." म्हणजे पाऊस येईल जूनमध्ये, पोरे घसरतात ती आज.

त्याच आठवड्यात पर्तगाळी मठात श्रीरामाच्या ७७ फुटी ब्राँझच्या पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. गोव्यात सध्या पुतळ्यांची हवा आहे. कळंगुटला २०२३च्या जूनमध्ये पंचायतीने शिवरायांचा पुतळा हटवण्याचा आदेश काढला, जमाव आला, आदेश मागे गेला. सां जुझे दि आरियालला २०२४च्या शिवजयंतीच्या तोंडावर पुतळ्यावरूनच वातावरण तापले, पोलीस आणावे लागले. हे सगळे बघत असलेला माझा एक ख्रिस्ती मित्र चहा पिताना म्हणतो, आता आमचाही एक होऊन जाऊ दे, रिओसारखा, मांडवीच्या तोंडावर, विमानातून दिसेल असा. तो हे चेष्टेत म्हणतो. पण त्यातली चेष्टा निम्मीच असते, हे आम्हा दोघांनाही कळते.

माझे मत असे की हा पुतळा होऊ नये, आणि होऊ नये याचे सगळ्यात भक्कम कारण 'ख्रिस्तराजा' या शब्दातच आहे.

हिंदू माणसाने यात का पडावे, असे कोणी विचारील. देवाला राजा म्हणण्याचा अनुभव आम्हाला कमी नाही म्हणून. आमच्या देवळांच्या अंगणाला आम्ही राजांगण म्हणतो. देव पालखीत बसतो, अबदागीर धरतात, चवऱ्या ढाळतात, चौघडा वाजतो. पंढरीचा विठोबा तर उघड राणाच. इकडे गणपतीच्या दिवसांत प्रत्येक नाक्याचा एक 'राजा' असतो आणि गेल्या वर्षीपेक्षा दोन फूट उंच असतो. ख्रिस्तराजाच्या रविवारी चर्चमधून संस्कार, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर, घेऊन मिरवणूक निघते, पाद्रीबाबावर छत धरलेले असते, पोरी पुढे फुले उधळत चालतात, तेव्हा माशेलच्या माणसाला त्यात परके काही वाटत नाही. दरबाराची भाषा दोन्हीकडे एकच आहे, म्हणून तिच्यातला धोकाही ओळखीचा आहे.

फरक आहे तो गोष्टीत. ख्रिस्ती शुभवर्तमान वाचणाऱ्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसते: या माणसाला राजा करायला लोक येतात तेव्हा तो पळून जातो. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव त्याला जबरदस्तीने राजा करायच्या बेतात असतो, आणि तो एकटाच डोंगरावर निघून जातो. त्याच्या गोष्टीतला डोंगर हा असा, लोकांनी दिलेले सिंहासन टाळण्यासाठी चढलेला. पुढे यरुशलेमात तो शिरतो ते गाढवावरून. मुकुट मिळतो तो काट्यांचा, आणि तो घालणारे शिपाई थट्टा करत असतात. शेवटी क्रुसावर पाटी लागते, 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा', हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. याजक तक्रार करतात की 'मी राजा आहे असे हा म्हणाला' एवढेच लिहा. रोमन सुभेदार पिलात म्हणतो, लिहिले ते लिहिले. ती काही बिरुदावली नव्हती. सरकारने टांगलेली गुन्ह्याची पाटी होती ती, कशासाठी मारला हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावे म्हणून.

गोव्यात ही पाटी आपण रोज पाहतो. वाटेवरचा चुनकळीने रंगवलेला कुठलाही जुना खुरीस, म्हणजे क्रूस, घ्या, वर आय-एन-आर-आय ही त्या पाटीच्या लॅटिन शब्दांची चार आद्याक्षरे असतात, कित्येकांवर खाली कोंबडा, शिडी, भाला, खिळेही कोरलेले. गावचे लोक मे महिन्यात त्याच्यासमोर लदिन, म्हणजे गाऊन करायची प्रार्थना, म्हणतात, उकडलेले चणे आणि थोडीशी फेणी वाटतात. उंची माझ्या खांद्याएवढी, फार तर डोक्याएवढी. चार अक्षरांत राजेपण सांगून झाले, पुढे काही दावा नाही. माझ्या लेखी गोव्यातली ख्रिस्तराजाची खरी स्मारके ती.

सणाची तारीखवार हकीकतही बघण्यासारखी आहे, कारण पुष्कळांना वाटते हा सण पोर्तुगीजांइतकाच जुना असेल. तो जेमतेम शंभर वर्षांचा आहे. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी पत्रक काढून तो सुरू केला. काळ लक्षात घ्या. महायुद्धाने रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान ही चार साम्राज्ये मोडली होती. पोपच्या दारात मुसोलिनी हुकूमशहा होऊन बसला होता. खुद्द पोपचे राज्य १८७०मध्ये गेलेले आणि व्हॅटिकनचा तह व्हायला अजून तीन वर्षांहून जास्त अवकाश होता. जुने राजे गेले आणि नवे सत्ताधीश माणसाचे सगळेच मागू लागले, अशा वेळी पोपने सांगितले की शेवटचा राजा वेगळा आहे. यात दोन सूर एकमेकांत मिसळलेले आहेत. एक, हुकूमशहांना 'तुम्ही शेवटचे नाही' म्हणणारा. दुसरा, चर्चचा गेलेला सार्वजनिक मान परत मागणारा. पुढच्या शंभर वर्षांत कुठे पहिला ऐकू आला, कुठे दुसरा.

मेक्सिकोत तर दोन्ही एकदम. तिथल्या सरकारने धर्मोपासनेवर बंधने घातली तेव्हा 'ख्रिस्तराजा झिंदाबाद' म्हणत शेतकऱ्यांनी १९२६ ते १९२९ बंदुका चालवल्या. आणि २३ नोव्हेंबर १९२७ला मिगेल प्रो हा जेझुइट पाद्री, हातात काहीही नसलेला, दोन्ही हात क्रुसासारखे पसरून, तीच घोषणा करत गोळीबाराच्या पथकासमोर उभा राहिला. घोषणा तीच, पण ती कोण कुठे उभा राहून देतो याने तिचा अर्थ ठरतो. सत्तेसमोर उभ्या असलेल्याच्या तोंडी ती शोभते. सत्तेच्या शेजारी उभे राहून दिली की ती जयजयकार होते.

आता जुव्याच्या किल्ल्याची गोष्ट सांगतो, कारण सत्तेच्या शेजारचा देव कसा असतो ते आमच्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी पुरते दिसून गेले आहे. १६८३च्या नोव्हेंबरात विजरई, म्हणजे पोर्तुगीज राजाचा गोव्यातला प्रतिनिधी, फ्रान्सिस्को द ताव्होरा, किताबाने कोंदे द आल्व्होर, फोंड्याचा किल्ला घ्यायला गेला आणि मार खाऊन परतला. पाठोपाठ २४ तारखेच्या रात्री संभाजीराजांचे लोक जुव्यात उतरले आणि किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी विजरई तो सोडवायला जातीने आला आणि कसाबसा जीव घेऊन परत गेला. राजधानीत घबराट. तेव्हा हा कोंदे बॉम जेझूस चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली, आणि आपला राजदंड, नेमणुकीचे कागद व 'हे राज्य तुमच्या स्वाधीन' अशा अर्थाचा लेख संताच्या देहापाशी ठेवला. जानेवारीत शाह आलम मोगली फौज घेऊन घाट उतरला, संभाजीराजांना माघारी फिरावे लागले, शहर वाचले. श्रेय संताला मिळाले. शाह आलमच्या नावाने कोणी मेणबत्ती लावल्याचे ऐकिवात नाही.

राज्य संताचे झाले खरे, पण कारभार कोंदेच बघत होता, १६८६पर्यंत. सारा तोच घेत होता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मचौकशी, चालूच होती, ज्या तिसवाडीतली देवळे १५४०च्या सुमारास पाडली गेली तिथले लोक तसेच तिच्या धाकात होते. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५०मध्ये राज्य पद्मनाभाच्या चरणी वाहिले आणि स्वतः त्याचा दास म्हणून राज्य केले, तोही याच जातीचा व्यवहार. देव मालक झाला की कारभाऱ्याला जाब विचारायचा कोणी? मालक तर बोलत नाही.

वेऱ्याच्या रेइश मागूशला कधी गेलात तर चर्चच्या दर्शनी भिंतीकडे मान वर करून बघा. चर्च तीन राजांच्या नावाचे, म्हणजे गव्हाणीतल्या पोरासमोर गुडघे टेकणाऱ्या राजांचे. आणि वर पोर्तुगालच्या राजाची मुद्रा. चौथा राजा काही गुडघे टेकायला आलेला नाही, तो मालकी सांगायला आला आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी नव्या किनाऱ्यावर दगडी खांब रोवत, त्यावरही क्रूस आणि राजमुद्रा जोडीनेच असत. तो खांब म्हणजे त्या काळचा एक-चौदाचा, म्हणजे गोव्याच्या सातबाराचा, उतारा. अमुक जमीन अमक्याची. क्रूस तिथे साक्षीदाराची सही करायला होता.

मोठ्या पुतळ्यांना ही खांबाची खोड सहसा सुटत नाही. लिस्बनसमोरच्या आल्मादाचा ख्रिस्तराजा घ्या. रिओचा १९३१चा पुतळा पाहून आलेल्या लिस्बनच्या कार्डिनलच्या मनात ती कल्पना आली. १९४०मध्ये बिशपांनी नवस केला की पोर्तुगाल महायुद्धातून वाचला तर पुतळा उभारू. पोर्तुगाल वाचला, आणि १७ मे १९५९ला ८२ मीटरांच्या चौथऱ्यावर २८ मीटरांचा ख्रिस्त हात पसरून उभा राहिला. नवस फेडण्यात वावगे काही नाही. पण हे शांततेचे स्मारक चढत होते त्याच वर्षांत, १५ ऑगस्ट १९५५ला, पत्रादेवीच्या सीमेवर त्याच सरकारने निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या. ८२ मीटरांवरून टागस नदी छान दिसते. पत्रादेवी दिसत नाही.

दिलीचा पुतळा याहून बोलका. पूर्व तिमोर हा एकेकाळी गोव्याहूनच हाकला जाणारा पोर्तुगीज मुलूख. १९७५मध्ये इंडोनेशियाने तो गिळला. १९९६च्या ऑक्टोबरात सुहार्तो तिथे जाऊन ख्रिस्तराजाच्या पुतळ्याचे अनावरण करून आले. उंची २७ मीटर, कारण तिमोर हा इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत. त्याच महिन्यात त्याच दिलीच्या बिशप बेलोंना, होसे रामोस-होर्तांच्या जोडीने, नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला, तो याच राजवटीखाली भरडल्या जाणाऱ्या लोकांची बाजू लावून धरल्याबद्दल. म्हणजे लोकांना मारणाऱ्याने त्यांना त्यांचाच देव भेट दिला, आणि देवाच्या उंचीत मालकीचा आकडा घालून दिला. पोलंडच्या श्विएबोजिनमध्ये २०१०साली ३३ मीटरांचा, वर सोनेरी मुकुट घातलेला ख्रिस्तराजा झाला. काही वर्षांनी ड्रोनने चित्रण केले तेव्हा त्या मुकुटात इंटरनेटच्या अँटेना सापडल्या. उंच जागा मोकळी कोण सोडतो!

यावर माझा मित्र जे म्हणतो ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तो म्हणतो, बाकीच्यांनी बांधले तेव्हा तू लेख लिहिलास? आम्ही बांधायचे म्हटले की तुला शुभवर्तमान आठवते. यातला पहिला भाग मला लागतो. खरेच आहे, आमच्याकडचे राजे उंच होत गेले तेव्हा मी गप्प होतो. घरचे कार्य आहे, कशाला वाईटपणा घ्या. अल्पसंख्याकाला 'तुझा देव साधा आहे, तू साधा राहा' हा उपदेश बहुसंख्याकाने करणे यात लबाडी असू शकते. म्हणून सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवर, टेकडीवर, नाक्यावर नवा पुतळा कोणाचाच नको, आमच्या राजाचाही नको, असे मी आता उघड म्हणतो. रस्त्यावर, उद्यानात, सार्वजनिक जागेत नवे प्रार्थनास्थळ होऊ देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९लाच सगळ्या राज्यांना सांगितले आहे. रात्रीत घुमटी किंवा खुरीस उभा करून जागा अडवायची कला दोन्हीकडच्यांना सारखीच येते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

आणि मागणारे जरी श्रद्धाळू असले तरी देणारे कोण असतील ते बघा. कर्नाटकात कनकपुऱ्याजवळ कपालबेट्टावर ११४ फुटी येशूचा पुतळा ठरला तेव्हा जमिनीचे कागद देताना फोटोत पुढारी होता, आणि विरोधाच्या मोर्चात दुसऱ्या पक्षाचे पुढारी. दोघांचेही काम झाले. मधल्या मध्ये ज्यांचा तो देव, त्या गावच्या लोकांना आपल्याच शेजाऱ्यांचे मोर्चे बघावे लागले. गोव्यात हे व्हायला किती वेळ लागेल? आमच्याकडे तर टेकडी कापायला निमित्तच हवे असते. वर देव बसवला की खाली रस्ता होतो, रस्ता झाला की भूखंड पडतात.

माझ्या मित्राला मी जुव्याचाच दुसरा माणूस सांगतो, आंजेलो द फोन्सेका. १९०२मध्ये याच बेटावर जन्मलेला चित्रकार. त्याने मारियेला साडी नेसवली, आणि गोव्यातल्या प्रतिष्ठितांना ते इतके झोंबले की त्याचे बरेचसे आयुष्य पुण्यातल्या एका ख्रिस्ती आश्रमात गेले. त्याच्याही तीनशे वर्षे आधी, १६१६मध्ये, राशोलात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण छापले गेले, मराठी ओव्यांत, आणि त्यात स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटले आहे. जमिनीवरच्या राजांची भांडणे पेटलेली असताना हे दोघे ख्रिस्ताला इथल्या भाषेत, इथल्या लुगड्यात आणत होते. त्याला चौथऱ्याची गरज पडली नाही.

सणाच्या दिवशी वाचतात ते उतारेच घ्या ना. १९६९च्या सुधारणेत हा सण ऑक्टोबरच्या अखेरीतून उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी आला, आणि आता तीन वर्षांच्या फेऱ्यात तीन उतारे वाचले जातात. एका वर्षी बांधलेला कैदी पिलातासमोर 'माझे राज्य या जगाचे नाही' म्हणतो. एका वर्षी तो क्रुसावर असतो आणि शेजारी लटकवलेला गुन्हेगार म्हणतो, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. गेल्या नोव्हेंबरात हाच उतारा होता. सगळ्या गर्दीत त्याला मनापासून राजा मानणारा एकटा तो, आणि तोही मरणाच्या दारात. यंदा २२ नोव्हेंबरला तिसरा आहे, मत्तयाचा पंचविसावा अध्याय. फक्त यात राजा सिंहासनावर बसतो, आणि बसल्या बसल्या सांगतो की मी भुकेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. परका होतो, तुम्ही मला घरात घेतलेत. किंवा नाही घेतलेत.

'परका' हा शब्द यंदा गोव्यातल्या चर्चमध्ये वाचला जाईल तेव्हा बाकांवर काय होईल याची मला उत्सुकता आहे. कारण परक्याला आम्ही, हिंदू-ख्रिस्ती दोघेही, मोठ्या एकजुटीने 'भायलो' म्हणतो, आणि चिडलो की 'घाटी'. खोली भाड्याने द्यायची, भाडे दुप्पट घ्यायचे, आणि पावतीला नाही म्हणायचे. हा राजा टेकडीवरच शोधायचा असेल तर मडगावच्या मोती डोंगरावर, बाहेरून आलेल्यांच्या वस्तीत जावे लागेल, पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत.

दर सहा जानेवारीला कांसावली, आरोशी आणि कुयेली या तीन गावांतले तीन पोरगे राजे होऊन तीन वाटांनी घोड्यांवरून रेमेदियुस सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, टेकडीवर जातात. एकदा मी पाहिले, त्यातल्या एका राजाचा मुकुट ऊन लागून कपाळावर सारखा घसरत होता. शेवटी त्याने तो काढून घोडा धरणाऱ्या माणसाकडे दिला, डोके खाजवले, पाणी प्याला, आणि चर्चजवळ आल्यावर पुन्हा मागून घेतला. कोणाला त्यात काही खटकले नाही.

जुव्याच्या टेकडीवर त्या संध्याकाळी अंधार पडायला लागला तसा मी मोबाइलचा उजेड धरला. आंटींनी खरवडलेले मेण वर्तमानपत्रात गोळा केले, मुठीत दाबून त्याचा लाडू केला. काय करणार याचे, म्हणून विचारले. वीज गेल्यावर वात घालून लावते, म्हणाल्या. वरच्या दोन पायऱ्या राहिल्या होत्या. त्यांनी चमचा पदराला पुसला आणि मला बजावले की उतरताना उजव्या कडेने ये, मधे अजून बुळबुळीत आहे.